देशाटन आणि अर्थग्रहण : परक्या संस्कृतीच्या अनुभवाचा भाषिक विचार

परक्या देशात जाऊन तेथील लोकजीवन प्रत्यक्ष पाहिल्याने मनुष्याची दृष्टी विस्तारते, हा समज फार जुना आहे. देशाटन आणि चातुर्य यांचे नाते मराठी वाचकाला शालेय वयापासूनच परिचित असते. या समजात तथ्य नाही असे नव्हे. परंतु तो जसाच्या तसा स्वीकारला तर एक महत्त्वाचा प्रश्न अनुत्तरित राहतो. एकाच प्रदेशात जाऊन आलेल्या दोन प्रवाशांपैकी एकाला तेथील जीवनव्यवहाराचे मर्म उमगते आणि दुसरा इमारती, पोशाख व खाद्यपदार्थ यांची केवळ यादी घेऊन परततो, असे का घडावे? याचे उत्तर सामान्यतः प्रवाशाच्या स्वभावात शोधले जाते. एक जिज्ञासू, दुसरा उदासीन, असे म्हणून विषय संपविला जातो. वस्तुतः या प्रश्नाचा निकटचा संबंध भाषेशी आहे.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. प्राचीन भारताच्या इतिहासाचा बराच मोठा भाग परदेशी प्रवाशांच्या साक्षीवर उभा आहे. ती साक्ष कितपत ग्राह्य मानावी, याचा निर्णय तो प्रवासी प्रामाणिक होता की नव्हता एवढ्यावरच करता येत नाही. त्याला काय कळू शकत होते, हेही पाहावे लागते. क्षेत्रकार्यासाठी परक्या समाजात जाणाऱ्या आजच्या संशोधकालाही हाच विचार लागू पडतो.

१. स्वन आणि स्वनिम

विषयाच्या आकलनासाठी भाषाशास्त्रातील एक प्राथमिक भेद उपयोगी पडतो. कोणत्याही भाषेत उच्चारले जाणारे स्वन असंख्य असतात. पण त्यांतील काही थोडेच भेद त्या भाषेत अर्थ बदलू शकतात. अशा अर्थभेदक एककांना स्वनिम म्हणतात. मराठीत ‘वेल’ आणि ‘वेळ’ हे दोन निरनिराळे शब्द आहेत. ज्याच्या भाषेत ‘ळ’ नाही त्याच्या कानावर दोन्ही उच्चार पडतात, परंतु त्यांतील भेद त्याला जाणवत नाही, आणि जाणवला तरी तो महत्त्वाचा आहे हे कळत नाही. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे ‘जिवंत राहा’ ही आज्ञा, या दोहोंतील ‘ज’ निराळा आहे. लिपी हा भेद दाखवीत नाही, तरी मराठी भाषक तो कधी चुकत नाही. उलट इंग्रज मनुष्य आपल्या शब्दांच्या आरंभीचा ‘प’ थोडा महाप्राणयुक्त उच्चारतो, पण त्याचे भान त्याला नसते. कारण त्या भेदाने त्याच्या भाषेत अर्थ बदलत नाही. मराठी भाषकाला मात्र ‘पळ’ आणि ‘फळ’ यांत गल्लत करून चालत नाही.

तात्पर्य, नवखा श्रोता दोन प्रकारे चुकतो. जो भेद तेथे निरर्थक आहे तो त्याला मोठा वाटतो, आणि जो भेद तेथे निर्णायक आहे तो त्याच्या लक्षातच येत नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी १९५४ मध्ये हेच तत्त्व एकंदर मानवी वर्तनाला लावले. ‘फोनेटिक’ व ‘फोनेमिक’ या संज्ञांवरून त्यांनी ‘एटिक’ व ‘एमिक’ अशा दोन संज्ञा बनविल्या. बाहेरून दिसणारे वर्तनाचे वर्णन ते एटिक. त्या समाजाला स्वतःला जे भेद अर्थपूर्ण वाटतात त्यांच्या आधारे केलेले वर्णन ते एमिक. परक्या संस्कृतीचा अनुभव येणे म्हणजे पहिल्या प्रकारच्या वर्णनाकडून दुसऱ्याकडे जाणे होय. ही वाटचाल कशी होते आणि कोठे अडते, हे भारतात आलेल्या काही प्रवाशांच्या उदाहरणांवरून पाहता येईल.

२. दुभाष्यांच्या आधाराने

इ. स. पू. ३२६ च्या सुमारास सिकंदराने तक्षशिलेच्या परिसरातील तपस्व्यांशी बोलण्यासाठी ओनेसिक्रितस नावाच्या आपल्या अधिकाऱ्यास पाठविले. त्याचा वृत्तांत स्ट्रॅबोच्या भूगोलग्रंथामुळे आज उपलब्ध आहे. संभाषण तीन दुभाष्यांमार्फत चालले होते. त्यांतील एका वृद्ध तपस्व्याने आपल्या विवेचनाच्या मर्यादेबद्दल आधीच क्षमा मागितली. हे दुभाषे भाषा जाणतात, पण विषयात सामान्य जनांहून अधिक त्यांना काही कळत नाही; त्यांच्याकरवी तत्त्वज्ञान सांगणे म्हणजे चिखलातून निर्मळ पाणी वाहण्याची अपेक्षा करणे होय, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. भाषांतराच्या समस्येचे इतके नेमके निदान त्या काळी एका भारतीय तपस्व्याने केले आणि एका ग्रीकाने ते प्रामाणिकपणे नोंदविले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

यानंतर काही वर्षांनी मेगॅस्थनिस हा सेल्यूकसचा वकील म्हणून पाटलिपुत्रास चंद्रगुप्ताच्या दरबारी आला. त्याचा ‘इंडिका’ हा ग्रंथ मूळ स्वरूपात नष्ट झाला असून डायोडोरस, स्ट्रॅबो आणि एरियन यांनी घेतलेल्या उताऱ्यांवरून तो ओळखावा लागतो. पाटलिपुत्राची तटबंदी आणि नगराचा कारभार यांविषयीची त्याची माहिती मोलाची मानली जाते, कारण त्या गोष्टी डोळ्यांनी दिसणाऱ्या होत्या. परंतु समाजाची विभागणी सांगताना त्याने सात वर्ग मोजले आणि त्यांत तत्त्वज्ञ, शेतकरी, गुराखी, कारागीर, सैनिक, हेर व मंत्री यांना एकाच पंक्तीत बसविले. वर्ण, जाती, व्यवसाय आणि राजसेवा हे भिन्न भिन्न तत्त्वांवर आधारलेले भेद येथे एकत्र मिसळले आहेत. शूरसेन प्रदेशात पूजिल्या जाणाऱ्या देवतेला त्याने हेराक्लिज म्हटले. पुष्कळ विद्वान ती देवता कृष्ण असावी असे मानतात. पण मूळ नावच न नोंदविल्यामुळे ते अखेर अनुमानच राहते. आपल्या भाषेतील शब्द परक्या वस्तूवर ठेवून दिला की वाचकाचे समाधान होते, मात्र ती वस्तू त्या शब्दाखाली झाकली जाते.

३. दोन चिनी यात्रिक

या पार्श्वभूमीवर सातव्या शतकातील ह्युएनत्संग व इत्सिंग यांची उदाहरणे निराळी ठरतात. हे दोघेही येथे शिष्य म्हणून आले आणि दोघांनीही संस्कृतचे अध्ययन केले. ह्युएनत्संग चीनमधून इ. स. ६२९ च्या सुमारास निघाला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला. नालंदा येथे शीलभद्राच्या हाताखाली त्याने अध्ययन केले. देशाच्या नावाचे जुने चिनी लेखन सदोष असून ‘यिन्-तु’ हे रूप योग्य होय, अशी चर्चा त्याने आपल्या प्रवासग्रंथात केली आहे. ज्या देशाचे वर्णन करावयाचे त्याच्या नावाच्या उच्चारापासून प्रारंभ करणारा हा प्रवासी कानाला किती महत्त्व देत होता, हे यावरून दिसते.

महाराष्ट्राचे त्याने केलेले वर्णन इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सुपरिचित आहे. पुलकेशीचे राज्य हर्षाला जिंकता आले नाही, हे त्याचे विधान ६३४ च्या ऐहोळे शिलालेखाशी जुळते. त्या वर्णनातील एक बारकावा मात्र पुरेसा लक्षात घेतला जात नाही. येथील लोक उपकाराची जाण ठेवतात व अपमानाचा सूड घेतात, एवढेच सांगून तो थांबत नाही. सूड घेण्यापूर्वी ते प्रतिपक्षाला तशी सूचना देतात, असेही तो नोंदवितो. शस्त्रांची चकमक कोणालाही दिसेल. तिच्यामागे पूर्वसूचनेचा संकेत आहे, हे विचारल्यावाचून कळत नाही. पहिली गोष्ट दृश्य आहे, दुसरी नियम आहे.

ह्युएनत्संगाने पुढे भाषांतराचे मोठे कार्य केले. कोणत्या शब्दांचे भाषांतर करू नये याविषयी त्याच्या नावावर सांगितले जाणारे पाच नियम बाराव्या शतकातील एका चिनी ग्रंथाच्या प्रस्तावनेत आढळतात. धारणीसारखे गूढ शब्द, ‘भगवत्’ यासारखे अनेकार्थी शब्द, जंबूवृक्षासारखे चीनमध्ये नसलेल्या वस्तूंचे शब्द, परंपरेने मूळ रूपातच रूढ झालेले शब्द, आणि ‘प्रज्ञा’ यासारखे भाषांतरात ज्यांचे गांभीर्य उणावते असे शब्द, हे ते पाच प्रकार होत. आपल्या भाषेत प्रतिशब्द नाही हे मान्य करणे म्हणजे त्या अनुभवाचे वेगळेपण मान्य करणे, ही जाणीव या नियमांमागे आहे.

तथापि भाषाज्ञान असले म्हणजे चूक होत नाही असे नव्हे. अवलोकितेश्वराच्या जुन्या चिनी नावात ‘ध्वनी’ हा अर्थ होता. ह्युएनत्संगाने तो अशुद्ध ठरवून ‘ईश्वर’ या अर्थाचे नवे रूप दिले. परंतु मध्य आशियात सापडलेल्या हस्तलिखितांच्या तुकड्यांत ‘अवलोकितस्वर’ असे रूप मिळाले आहे. जुन्या भाषांतरकारांपुढे हाच पाठ असावा, असे त्यावरून मानले जाते. जे रूप आपण शिकलो तेच एकमेव शुद्ध रूप, हा ग्रह विद्वान प्रवाशालाही होऊ शकतो.

इत्सिंग ६७१ मध्ये समुद्रमार्गाने निघाला. सुमात्रा बेटावरील श्रीविजय येथे सहा महिने थांबून त्याने व्याकरणाचा अभ्यास केला आणि मगच तो भारतात आला. भारतात जाऊ इच्छिणाऱ्या चिनी भिक्षूंनी श्रीविजयात एक-दोन वर्षे राहून पूर्वतयारी करावी, असा सल्लाही त्याने दिला आहे. पाणिनीची सूत्रे, धातुपाठ, जयादित्याची वृत्ती आणि पतंजलीचे भाष्य यांचे अध्ययन येथे कोणत्या क्रमाने होत असे, हे त्याने सांगितले आहे. मात्र भर्तृहरी चाळीस वर्षांपूर्वी वारला, हे त्याचे विधान आज ग्राह्य मानले जात नाही. कारण दिङ्नागाच्या ग्रंथात भर्तृहरीचे श्लोक आढळत असल्याने त्याचा काळ पुष्कळ मागे जातो. स्वतः शिकलेली आणि केवळ कानी आलेली गोष्ट यांतील अंतर एकाच प्रकरणात असे स्पष्ट होते.

इत्सिंगच्या निरीक्षणाची खरी खोली मात्र भोजनाच्या प्रकरणात आढळते. अन्नाचा एक घास घेतला की ते अन्न व ते पात्र अशुद्ध होते, शिल्लक राहिलेले पुन्हा स्वच्छ अन्नात मिसळावयाचे नसते, मुख व हात धुतल्यावाचून दुसऱ्यास स्पर्श करावयाचा नसतो, हा सर्व आचार त्याने तपशिलाने सांगितला असून आपल्या देशात हा भेद पाळला जात नाही याबद्दल नापसंतीही व्यक्त केली आहे. मराठी माणसाला यासाठी ‘उष्टे’ हा एकच शब्द पुरतो. संस्कृत ‘उच्छिष्ट’पासून आलेल्या या शब्दात अन्न, पात्र, हात आणि तोंड यांना व्यापणारी एक संपूर्ण व्यवस्था सामावली आहे. स्वच्छ दिसणारे अन्न उष्टे असू शकते, म्हणून डोळ्यांना हा भेद दिसत नाही. तो कळण्यासाठी त्या पंक्तीत बसावे लागते, एकदा तरी चुकावे लागते आणि कोणीतरी ती चूक दाखवून द्यावी लागते. स्वनिम आत्मसात होण्याची रीत याहून वेगळी नाही.

४. अल्बेरूनीची साक्ष

परक्या संस्कृतीच्या आकलनातील अडचणींचा पद्धतशीर विचार अल्बेरूनीने आपल्या भारतविषयक ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात केला आहे. ख्वारिज्म येथे ९७३ मध्ये जन्मलेल्या या विद्वानाचे जन्मप्रांत महमूद गझनवीने १०१७ मध्ये जिंकले आणि त्याला गझनीस यावे लागले. त्याचा हा ग्रंथ १०३० च्या सुमारास पूर्ण झाला.

अडचणींच्या मालिकेत त्याने पहिले स्थान भाषेला दिले आहे. या भाषेत एका वस्तूला अनेक नावे आहेत आणि एकाच नावाने अनेक वस्तू ओळखल्या जातात. तिच्यातील काही वर्ण अरबी-फारसीत नाहीत. आरंभीच्या जोडाक्षरांचा उच्चार जमत नाही. अरबी लिपीत ते शब्द नेमके लिहिता येत नाहीत, आणि लेखनिकांच्या निष्काळजीपणामुळे उरलेसुरले रूपही बिघडते, असे त्याचे निरीक्षण आहे. यातच त्याने स्वतःचा एक अनुभव सांगितला आहे. हिंदूंच्या तोंडून ऐकलेला शब्द त्याने पुष्कळ प्रयत्नपूर्वक टिपून घ्यावा आणि पुन्हा त्यांच्यापुढे उच्चारावा, तो त्यांना तो ओळखणे कठीण जावे. आपल्या कानाला जे समान वाटते ते त्यांच्या कानाला समान नाही, हे सत्य स्वनिमाची संज्ञा अस्तित्वात येण्याच्या कितीतरी शतके आधी या प्रवाशाने अनुभवले होते.

त्यावर त्याने योजिलेला उपायही शास्त्रीय होता. अरबीत योग्य प्रतिशब्द असेल तेथे तो वापरावा. भारतीय शब्द अधिक सोयीचा असेल तर तोच शक्य तितक्या अचूक लेखनाने ठेवावा, असे धोरण त्याने जाहीर केले. सांख्य आणि पातंजल या दोन ग्रंथांची त्याने अरबी भाषांतरे केली. त्यांपैकी पातंजलाचे भाषांतर इस्तंबूल येथील हस्तलिखितावरून १९५६ मध्ये प्रकाशित झाले. येथे देवाणघेवाण एकमार्गी नव्हती. यूक्लिडचा ग्रंथ संस्कृत श्लोकांत आणण्याचा उद्योग आपण करीत आहोत, असेही त्याने लिहिले आहे. जो प्रवासी परक्या भाषेतून केवळ माहिती घेत नाही तर तिच्यात काही रचू पाहतो, त्याच्या चुका लपून राहत नाहीत.

अल्बेरूनीने हिंदूंच्या आत्मसंतुष्टतेवर केलेली टीका नेहमी उद्धृत केली जाते. परंतु ती ज्या मालिकेत येते तिच्यात महमुदाच्या स्वाऱ्यांचा उल्लेखही आहे. त्या स्वाऱ्यांनी देशाची भरभराट उद्ध्वस्त झाली, विद्या काश्मीर व काशी यांसारख्या दूरच्या स्थळी गेल्या आणि लोकांच्या मनात परकीयांविषयी तीव्र तिटकारा निर्माण झाला, हे तो स्पष्टपणे सांगतो. शिवाय या लोकांचे पूर्वज इतके संकुचित नव्हते, अशी पुस्तीही तो जोडतो. पंडित आपल्याशी मोकळेपणाने का बोलत नाहीत, याचे एक कारण आपण ज्या राजसत्तेबरोबर आलो तिच्यात आहे, हे ओळखणारा प्रवासी विरळा. टीकेचे वाक्य तेवढे उचलून ही पार्श्वभूमी वगळणे हा त्याच्या साक्षीचा विपर्यास होय.

५. गोव्यातील दोन पाश्चात्त्य

सोळाव्या शतकात सागरी मार्गाने आलेल्या युरोपीय प्रवाशांपैकी दोघांचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५८३ मध्ये भारतात आला आणि १५८८ मध्ये गोव्यात वारला. सहा, सात, आठ, नऊ हे संख्यावाचक शब्द, तसेच ‘देव’ व ‘सर्प’ हे शब्द इटालियन शब्दांशी जुळतात, हे त्याने १५८५ मधील एका पत्रात नोंदविले. १५७९ मध्ये गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांसारखी असल्याचे म्हटले. विल्यम जोन्सचे प्रसिद्ध व्याख्यान १७८६ चे. त्यापूर्वी दोन शतके हे साम्य गोव्याच्या परिसरात लक्षात आले होते. मात्र स्टीफन्सचे ते पत्र १९५७ मध्ये प्रथम प्रकाशित झाले.

स्टीफन्स केवळ निरीक्षणावर थांबला नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले आणि त्याने रचलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती स्वर्गासाठी त्याने ‘वैकुंठ’ हा शब्द योजिला. मेगॅस्थनिसने आपला शब्द परक्या देवतेवर ठेवला. स्टीफन्सने परका शब्द आपल्या कल्पनेसाठी घेतला. यात धोका होताच, कारण शब्दाबरोबर त्याचे जुने संदर्भही येतात. पण ते संदर्भ जाणल्यावाचून ओवी साधत नाही, आणि ते जाणणे म्हणजेच त्या भाषेच्या संसारात प्रवेश करणे होय. स्टीफन्सचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि त्याच्या पाठीशी पोर्तुगीज सत्ता होती, हेही विसरता येत नाही. त्याच सत्तेने १६८४ मध्ये गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. परक्या भाषेचे ज्ञान आणि तिच्याविषयीचा आदर या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदतातच असे नाही.

६. व्यवहारातील अर्थ

आतापर्यंतची उदाहरणे मुख्यतः शब्दांची आहेत. परंतु अर्थ शब्दकोशात पूर्णपणे सापडत नाही, हे मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मधील आपल्या निबंधात दाखवून दिले. ट्रॉब्रियंड बेटांवरील दीर्घ वास्तव्यात त्यांनी तेथील भाषा आत्मसात केली होती. वाक्याचा अर्थ ज्या प्रसंगात ते उच्चारले जाते त्या प्रसंगापासून तोडता येत नाही, आणि पुष्कळशी वाक्ये माहिती देण्यासाठी नसून स्नेहबंध राखण्यासाठी असतात, असा त्यांचा सिद्धान्त आहे.

मराठीत याचे उत्तम उदाहरण मिळते. घरी आलेला पाहुणा निरोप घेताना ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हणणे अशुभ समजले जाते. व्याकरण शिकलेल्या परकीयाला हे वाक्य मुळीच कठीण नाही, तरीही प्रथम ऐकताना तो गोंधळेल, कारण बोलणारा दाराबाहेर चाललेला असतो. तसेच वाटेत भेटलेल्याने ‘कुठे निघालात?’ असे विचारले तर त्याला प्रवासाचा तपशील नको असतो. हा प्रश्न म्हणजे आगाऊपणा, असा निष्कर्ष जो प्रवासी काढील त्याने प्रत्येक शब्द बरोबर ऐकलेला असेल आणि तरीही त्याचे वर्णन चुकीचे असेल.

मराठी भाषकही परदेशी जातात, तेव्हा हीच कसोटी त्यांच्या लेखनाला लावावी लागते. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. त्यांच्या १८८९ मध्ये प्रकाशित झालेल्या पुस्तकाचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ असे आहे. त्या नावात लोकस्थिती आधी येते आणि प्रवास नंतर. तेथील राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण आणि स्त्रियांची स्थिती हे त्यांच्या विवेचनाचे विषय आहेत. इंग्रजी अवगत असल्यामुळे आणि देशभर व्याख्याने देत फिरल्यामुळे त्यांना लोकांशी दुभाष्यावाचून बोलता आले. प्रेक्षणीय स्थळांच्या वर्णनाहून हे पुस्तक वेगळे झाले, त्याचे एक कारण यात आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून प्रवासवृत्ताचे मूल्यमापन करताना तीन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. पहिला, त्या प्रवाशाचे संभाषण कोणत्या भाषेत, कोणामार्फत आणि किती काळ झाले. दुसरा, परक्या वस्तूंना त्याने आपली नावे दिली की तेथील नावे राखली, आणि राखली असल्यास त्यांचा अर्थ कोणाला विचारून घेतला. तिसरा, तो कोणत्या नात्याने तेथे गेला होता. वकील, शिष्य, व्यापारी, धर्मोपदेशक की जेत्याच्या पदरी असलेला विद्वान. कारण त्या नात्यामुळे काही प्रश्न त्याला विचारता आले असतील आणि काहींची उत्तरे त्याला मिळालीच नसतील.

क्षेत्रकार्यास निघालेल्या विद्यार्थ्याने हेच प्रश्न स्वतःलाही विचारावेत. टिपणवहीत उत्तराबरोबर आपण विचारलेला प्रश्न, त्याची भाषा आणि सांगणाऱ्याने वापरलेला मूळ शब्द या तिन्ही गोष्टी लिहून ठेवाव्यात. प्रतिशब्द तत्काळ सुचला तर तो वेगळ्या स्तंभात लिहावा, मूळ शब्दाच्या जागी नव्हे. ऐकलेला शब्द पुन्हा त्या लोकांपुढे उच्चारून पाहावा, आणि तो त्यांनी ओळखला नाही तर ती नोंद खोडून न टाकता तेथूनच पुढील चौकशीस प्रारंभ करावा.